अर्धशक्ती : बडोद्याच्या तालमींतला एक विसरलेला नियम



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते त्या आपल्या गुरुजींनी या शाळेत सत्तावीस वर्षे व्यायाम शिकवला. या सत्तावीस वर्षांत शाळेच्या स्नेहसंमेलनात मानवी मनोरा एकदाही झाला नाही. एका वर्षी मंत्रिमहोदय प्रमुख पाहुणे होते, त्या वर्षीही झाला नाही. समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना ते वर्ष चांगले आठवत असेल. कारण त्या रागात शाळेच्या फाटकावर गुरुजींविषयी खडूने जे लिहिले गेले, ते त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी हातचे होते. गुरुजींनी ते वाचले, त्यातली ऱ्हस्वदीर्घाची चूक दुरुस्त केली आणि ते मैदानावर गेले. ही हकीकत त्यांनीच मला सयाजीबागेत फिरताना सांगितली, आणि सांगताना ते हसत होते.

मराठीच्या प्राध्यापकाने व्यायामावर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. माझे त्या विषयाशी दोन प्रकारचे नाते आहे. एक शब्दांचे, दुसरे माझ्या उजव्या हाताचे. आधी शब्दांविषयी बोलतो. हाताकडे मागाहून येईन.

‘तालीम’ हा शब्द मुळात अरबी. त्याचा अर्थ शिकवणे, शिक्षण. मराठीत येताना तो मोठा चमत्कारिक प्रवास करून आला. आपण व्यायाम करण्याच्या जागेला तालीम म्हणतो, खुद्द व्यायामालाही तालीम म्हणतो, आणि नाटकाच्या पूर्वतयारीलाही तालीमच म्हणतो. तिन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे : प्रत्यक्ष प्रसंग अजून यायचा आहे. नाटकाची तालीम म्हणजे नाटक नव्हे आणि मल्लाची तालीम म्हणजे कुस्तीचे मैदान नव्हे. दुसरा शब्द ‘कमावणे’. मराठी माणूस पैसा कमावतो, नाव कमावतो, कातडे कमावतो आणि शरीरही कमावतो. यांपैकी शरीराला सर्वांत जवळचा अर्थ कातड्याचा, असे माझे मत आहे. कच्चे कातडे कमावताना ते भिजवावे लागते, चोळावे लागते, मुरू द्यावे लागते. घाई केली तर ते कडक होते आणि घडीवर फुटते. ज्याने ‘शरीर कमावणे’ हा प्रयोग प्रथम केला त्याला कातडे कमावणाऱ्याचा धंदा जवळून ठाऊक असला पाहिजे.

इजांसाठीही आपल्या भाषेत शब्दांची केवढी श्रीमंती आहे पाहा. मुरगळणे वेगळे, लचकणे वेगळे. उसण भरणे वेगळे, चमक निघणे वेगळे. सांधा निखळतो, गुडघ्याची वाटी सरकते, मुका मार बसतो. इतके बारीक भेद करणारा समाज दुखण्याकडे नीट लक्ष देत होता, एवढे तरी यावरून म्हणता येईल. प्रश्न असा, की दुखणे येऊ नये म्हणून त्याने काय केले?

व्यायामावरील मराठी भाषणे बहुधा समर्थांपासून सुरू होतात. मी सुश्रुतापासून सुरुवात करतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातला चोविसावा अध्याय रोजच्या आचाराविषयी आहे : दात घासणे, अभ्यंग, स्नान आणि व्यायाम. या अध्यायाचे नाव ‘अनागताबाधाप्रतिषेध’, म्हणजे जी बाधा अजून आलेली नाही तिचे निवारण. प्रतिबंधाच्या कल्पनेला याहून नेमके नाव मला माहीत नाही. व्यायामाचे गुण सांगून झाल्यावर सुश्रुत त्याचे माप सांगतो. ज्याला आपले हित हवे त्याने आपल्या बळाच्या निम्म्यानेच व्यायाम करावा. त्यापुढे गेला तर व्यायामच घातक होतो. आणि निम्मे झाले हे ओळखायचे कसे? श्वास तोंडाशी येऊ लागला, म्हणजे नाकाने भागेनासे झाले, की ‘बलार्ध’ झाले असे समजावे. कोणी करू नये याचीही यादी आहे : खोकला आणि दमा असलेल्याने, क्षीण झालेल्याने, नुकतेच जेवलेल्याने, ज्याला भोवळ येते त्याने.

वाग्भटाने अष्टांगहृदयात हाच नियम ‘अर्धशक्ती’ या शब्दाने सांगितला आणि त्याला ऋतूची जोड दिली. चांगले स्निग्ध खाणाऱ्या बळकट माणसानेही हिवाळ्यात आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. व्यायाम झाल्यावर सोसेल तसे सर्वांगाचे मर्दन करावे. अतिरेक करणाऱ्याची गत सांगताना त्याने हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह दुबळा नाही, हे या उपमेतले मर्म. वाग्भटाचा इशारा बलवानालाच आहे.

ही माहिती पोथीत राहिली असती तर तिचा आपल्याला उपयोग नव्हता. ती मातीत उतरली हे महत्त्वाचे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात मल्लविनोदाचे प्रकरण आहे आणि तिथे मल्लांचे वय व बळ पाहून वर्ग पाडलेले आहेत. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचा मल्लपुराण नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. डॉ. भोगीलाल सांडेसरा आणि डॉ. रमणलाल मेहता यांनी तो संपादित केला आणि १९६४ साली आपल्याच बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड ग्रंथमालेत छापला. तो ग्रंथ श्रमाचे निरनिराळे प्रकार सांगतो. त्यांत खांबावरचा श्रम आहे, पाण्यातला आहे, पायऱ्या चढणे आहे, जेवणानंतरचे फिरणेसुद्धा आहे. ज्या जमातीचा धंदाच मुळी झुंजण्याचा, तिच्या ग्रंथात जेवणानंतर फिरण्याला श्रमाचा दर्जा मिळावा, हे मला फार बोलके वाटते.

आता बडोद्याकडे वळू. या नगराला मल्लविद्येचा मोठा इतिहास आहे आणि तो सगळाच अभिमानाने सांगण्याजोगा नाही. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८५६ ते १८७० या काळात, येथे हत्तींच्या झुंजी होत, मल्लांच्या कुस्त्या होत, आणि हातात शिंगाची नखे बांधून माणसे एकमेकांना रक्तबंबाळ करीत. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने हे दृश्य पाहून लिहून ठेवले आहे. ते वाचून अंगावर काटा येतो. प्रेक्षकांच्या दृष्टीने जखम हाच त्या खेळाचा प्राण होता. सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक मोठी शिळा आहे आणि १९०२ साली गामा पहिलवानाने ती उचलली अशी नोंद तिच्यावर आहे. तिचे वजन बाराशे किलो सांगतात. उचलली म्हणजे नेमके काय केले हे मला उमगलेले नाही, आणि खरे सांगायचे तर ते वजन माझ्या गळी उतरत नाही. पण लहान मुलांना घेऊन आलेले पालक त्या शिळेपाशी थांबतात. गामाने ती शिळा उचलण्यापूर्वी किती वर्षे किती बैठका काढल्या हे शिळेवर लिहिलेले नाही. आणि लिहिले असते तरी ते वाचायला कोण थांबले असते?

म्हणजे या नगरात दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या : एक मैदानाची, जिथे लोक पाहायला येत, दुसरी तालमीची, जिथे कोणी पाहायला येत नसे. इजेचा इतिहास पहिल्या परंपरेत सापडतो. इजा टाळण्याचा इतिहास दुसऱ्या परंपरेत आहे, आणि न झालेल्या गोष्टीची नोंद कोणी ठेवत नसल्यामुळे तो शोधावा लागतो.

तालमीत नव्याने आलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी कुस्तीला लावीत नसत. त्याच्या हाती फावडे येई. आखाड्याची तांबडी माती चाळलेली, तेल, ताक आणि हळद घालून मुरवलेली असे. ती रोज खणून, ढेकळे फोडून मोकळी करावी लागे. पुष्कळ दिवस पोराचे काम एवढेच. आपण याला गुरुसेवा म्हणून गौरवतो किंवा वेठ म्हणून हिणवतो. दोन्हींत एक साधी गोष्ट नजरेतून सुटते. माती खणताना पाय रोवावे लागतात, कमरेतून वाकावे लागते, खांदे आणि पाठ एकत्र चालवावी लागतात. अर्ध्या घटकेत अंग तापते. शिवाय जी माती तो मोकळी करतो तिच्यावरच थोड्या वेळाने त्याची पाठ आपटणार असते. अंग तयार करणे आणि जमीन तयार करणे ही दोन्ही कामे एकाच फावड्याने होत. नंतर जोर, बैठका. त्यांची संख्या थोडी, आणि ती वाढवायची ती वस्तादांनी सांगितल्यावर. मग खडाखडी, आणि तीही तोडीस तोड जोड पाहून. अंगाची मालिश शेवटी. हा क्रम मोडणाऱ्याला वस्ताद शिवी देत. कारण मात्र बहुधा सांगत नसत. कारण न सांगण्याची ही सवय पुढे महागात पडली, असे माझे मत आहे. कारण माहीत नसलेला नियम नवी पिढी सर्वांत आधी टाकून देते.

मल्लखांबाचेच पाहा. पेशवे दुसरे बाजीराव यांच्या पदरी असलेले कोठुऱ्याचे बाळंभटदादा देवधर हे या विद्येचे पुनरुज्जीवन करणारे मानले जातात. १८१८ नंतर ते बाजीरावांबरोबर ब्रह्मावर्तास गेले आणि त्यांच्या शिष्यांनी ही विद्या उत्तरेपासून आपल्या बडोद्यापर्यंत पसरवली. ती त्यांना कशी सुचली याच्या दंतकथा सोडून देऊ. मल्लखांब म्हणजे लाकडाचा मल्ल, हा मुद्दा आहे. तो थकत नाही, चिडत नाही आणि उलट डाव टाकीत नाही. त्याच्या अंगाला एरंडेल लावतात, म्हणजे कातडी सोलवटत नाही आणि पकडीत जोराबरोबर शहाणपणही यावे लागते. जिवंत जोडीदाराबरोबर जो डाव करताना खांदा निखळेल, तो आधी या मुक्या जोडीदाराबरोबर शेकडो वेळा घोटायचा. मूळ हेतू असा सावधगिरीचा. त्याचे पुढे प्रेक्षणीय खेळात रूपांतर झाले, आणि तिथेच माझा हात मोडला.

१९६३ सालची गोष्ट. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि दुसऱ्या गावी, दुसऱ्या शाळेत शिकत होतो. त्या शाळेचे नाव मी घेत नाही. संमेलनाला आठ दिवस राहिले असताना मल्लखांबाच्या चमूतला एक मुलगा गोवराने आजारी पडला. मी अंगाने हलका, म्हणून त्याच्या जागी मला घेतले. वर टोकावर जाऊन हात पसरायचे आणि खालच्या मुलांच्या आधाराने तोल सांभाळायचा, एवढेच माझे काम. सात दिवस सराव केला. सातही दिवस मी पडलो नाही, आणि म्हणून कोणाला काळजी वाटली नाही. आठव्या दिवशी दिवे लागले, बँड वाजू लागला, खालच्या मुलाचा घामेजलेला खांदा सरकला, आणि मी उजव्या हातावर पडलो. कोपराच्या वरचे हाड मोडले. ते बसवताना चुकले. तो हात आजतागायत पुरता सरळ होत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना आठवत असेल की मी फळ्याच्या वरच्या भागात कधी लिहीत नसे. पुष्कळांना ती माझी लकब वाटे.

त्या संध्याकाळचे मला सर्वांत जास्त आठवते ते असे : मला उचलून नेल्यावर कार्यक्रम पुढे चालू राहिला. पडद्याआड मला टाळ्या ऐकू येत होत्या. नंतर शिक्षक घरी आले, आईला म्हणाले, ‘नशीब होते, बाई.’ वडील काही बोलले नाहीत. मीही बरीच वर्षे ते नशीबच समजत होतो.

पुढे १९७४ साली मी अध्यापक म्हणून बडोद्यास आलो. थंडीत कोपर ठणकत असे, म्हणून एका सहकाऱ्याने मला शहरातल्या एका वृद्ध हाडवैद्यांकडे नेले. ते तालमीतले जुने वस्ताद होते. त्यांनी कोपर चाचपले, वाकवून पाहिले. मी पडण्याची सगळी हकीकत रंगवून सांगू लागलो. त्यांनी मला थांबवले. म्हणाले, ‘मास्तर, पडलात कसे ते राहू द्या. खांबाला हात लावून किती दिवस झाले होते ते सांगा.’ मी म्हणालो, ‘सात.’ त्यांनी माझा हात खाली ठेवला. ‘मग पडला नाहीत. पाडलं तुम्हाला.’ हाताला त्यांच्या तेलाने फारसा उपयोग झाला नाही. इतक्या वर्षांनंतर होणारही नव्हता. पण अकरा वर्षे ज्याला मी नशीब म्हणत होतो, त्याचा हिशेब त्या म्हाताऱ्याने एका प्रश्नात मांडला.

तो प्रश्न त्यांचा एकट्याचा नव्हता, ती बडोद्याची परंपरा होती. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव जसे वस्ताद होते तसेच नामांकित हाडवैद्यही होते. या जोडधंद्याकडे आपण एरवी योगायोग म्हणून पाहतो. मला तो त्यांच्या शिक्षणाचा गाभा वाटतो. जो माणूस सकाळी मुलांना व्यायाम देतो आणि संध्याकाळी निखळलेले सांधे बसवतो, त्याला कोणत्या चुकीने काय मोडते हे रोज हाताने कळत असते. आज शाळेतले व्यायामशिक्षक आणि दवाखान्यातले अस्थितज्ज्ञ एकमेकांना ओळखतही नाहीत. एकाची चूक दुसऱ्याकडे जाते आणि पहिल्याला तिचा पत्ता लागत नाही.

माणिकरावांपुढे मात्र एक नवा प्रश्न उभा होता, आणि तो सयाजीराव महाराजांच्या थोरपणातून निर्माण झालेला होता. महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यात नेला. हजारो मुले शाळेत आली. तालमीत एक वस्ताद आणि आठदहा पोरे; शाळेत एक शिक्षक आणि साठ मुले. माणिकरावांनी यावर संघव्यायामाचा मार्ग काढला : एका आज्ञेवर, एका ठेक्यावर सर्वांनी करायचा व्यायाम, आणि आज्ञा इंग्रजीऐवजी आपल्या भाषेतल्या. शिस्त आली, उत्साह आला, पारतंत्र्याच्या त्या काळात मान ताठ झाली. हे ऋण मोठे आहे. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दुसरी बाजू नोंदवली पाहिजे. ठेका सर्वांना एक असतो. बळ प्रत्येकाचे वेगळे असते. पहिल्या रांगेतल्या धट्ट्याकट्ट्या मुलाची अर्धशक्ती ही शेवटच्या रांगेतल्या, कालच तापातून उठलेल्या मुलाची पूर्णशक्ती असू शकते. वस्तादाची नजर प्रत्येकाचा श्वास पाही. शिट्टीला नजर नसते. माणिकरावांना स्वतःला ती नजर होती. ज्यांनी त्यांची शिट्टी उचलली त्या सर्वांना ती असेलच असे नव्हते.

त्यांच्याच एका शिष्याने या कोड्याला वेगळ्या दिशेने हात घातला. डभोईस जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांपाशी शिकले; पुढे ते स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आले. त्यांनी १९२०-२१ साली इथल्याच सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत उड्डियान आणि नौली यांचे शरीरावर काय परिणाम होतात हे आपल्या विद्यार्थ्यांवर तपासले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केल्यावर ते क्ष-किरण आणि रक्तदाबमापक घेऊन आसनांकडे वळले. गुरूने सांगितले म्हणून करा, यावर त्यांचे समाधान नव्हते. शरीरात काय घडते ते त्यांना पाहायचे होते. वस्तादांनी जे कारण सांगितले नव्हते ते शोधण्याचा हा उद्योग होता. याच सुमारास बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोश संपादित करून १९३६ ते १९४९ या काळात त्याचे दहा खंड मराठीत प्रसिद्ध केले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने मराठीला दिलेले हे केवढे मोठे देणे! आपल्या शाळेच्या ग्रंथालयात त्याचे काही खंड आहेत. मी परवा पाहिले तेव्हा पाने एकमेकांना चिकटलेली होती.

आता आजच्या शास्त्राविषयी थोडे. माझी नात फिजिओथेरपिस्ट आहे. या बाबतीत ती माझी गुरू. ती सांगते की व्यायामाने स्नायू काही आठवड्यांत बळावतो, पण कंडरा, अस्थिबंध आणि हाड यांना महिने लागतात. म्हणजे मुलाला जोर आल्यासारखे वाटते तेव्हा त्याचा सांधा अजून मागेच असतो, आणि इजा बहुधा या मधल्या अंतरात होते. वस्तादांच्या ‘अजून नको’ला याहून चांगले कारण कोणते हवे? फिरायला जाणाऱ्यांना डॉक्टर सांगतात की चालताना बोलता आले पाहिजे, गाता आले नाही तरी चालेल. बलार्धाची सुश्रुताची खूण याहून फार दूर नाही. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींच्या १२५ फुटबॉल क्लबांवर झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. काही क्लबांनी सरावापूर्वी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम केला : हलके धावणे, पायांचे बळ, तोल सांभाळणे, उडी मारून नीट जमिनीवर येणे. इतरांनी नेहमीप्रमाणे खेळ केला. पायांच्या एकूण इजांत ठामपणे सांगावा असा फरक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण गंभीर इजा जवळजवळ निम्म्यावर आल्या. हे वाचले तेव्हा मला तालमीतले फावडे आठवले.

नातीने सांगितलेली आणखी एक गोष्ट शिक्षकांनी जरूर ऐकावी. सवय नसलेल्या मुलाला एकदम दोनशे-तीनशे उठाबशा काढायला लावल्या तर मांडीचे स्नायुतंतू तुटून त्यांतले द्रव्य रक्तात उतरते, लघवी चहासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. क्वचित घडते, पण घडते. आपल्याकडे उठाबशा ही शिक्षा होती. गुरुजींनी आल्या आल्या मुख्याध्यापकांना सांगून या शाळेत ती बंद करवली, तेव्हा हे शास्त्र त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की ज्या गोष्टीची मुलाला गोडी लागावी असे आपल्याला वाटते, तिने त्याला शिक्षा कशी करायची?

गुरुजींची एक वही होती. हिरव्या पुठ्ठ्याची, हजेरीपटासारखी आखलेली. त्यांच्या पश्चात त्यांच्या मुलीने ती मला दाखवली. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन रकाने : कधी सुरुवात केली, आज किती केले, आणि कुठे दुखते. तिसरा रकाना पुष्कळदा रिकामा आहे. काही ठिकाणी ‘डावा घोटा, तीन दिवस विश्रांती’, एके ठिकाणी ‘दुखत नाही म्हणतो, पण लंगडतो’. एका मुलापुढे सलग दीड महिना ‘फक्त चालणे’ असे लिहिले आहे. तो मुलगा पुढे विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळला आणि आज तो या सभागृहात बसलेला आहे. मनोऱ्याविषयी मी गुरुजींना एकदा छेडले होते. ते म्हणाले, ‘अहो, सर्वांत वर सर्वांत लहान पोर चढवावे लागते. म्हणजे ज्याची तयारी सर्वांत कमी, तो सर्वांत उंच. हे गणित मला जमत नाही.’

दहीहंडीच्या मनोऱ्यांविषयी महाराष्ट्रात झालेला वाद आपल्याला माहीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली अठरा वर्षांखालील मुलांना आणि वीस फुटांवरील उंचीला मनाई केली. २०१७ साली उंचीचे बंधन राहिले नाही आणि चौदा वर्षांखालील मुलांना चढवणार नाही हे शासनाचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले. वयाची आणि फुटांची चर्चा झाली हे चांगलेच झाले. वर चढणाऱ्या मुलाचा सराव किती महिन्यांचा, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत मला कुठे ठळकपणे दिसला नाही. तो प्रश्न कायद्यात बसवणे कठीण आहे. तो विचारायला वस्तादच लागतो.

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगून माझे बोलणे थांबवतो. येत्या हिवाळ्यात शाळेचा महोत्सव आहे. माजी विद्यार्थ्यांच्या समितीने उत्साहाने कार्यक्रमांची आखणी केली असून तीत मल्लखांबाची प्रात्यक्षिके आणि पाच थरांचा मनोरा आहे. सल्लागार म्हणून माझ्याकडे त्याचा कागद आला. त्यावर मुलांची नावे आहेत, इयत्ता आहेत, गणवेशाच्या कापडाचा खर्च आहे, आणि कार्यक्रमाची तारीख आहे. मी त्यावर पट्टीने उभी रेघ मारून एक रकाना वाढवला, वर ‘सुरुवात कधी’ असे लिहिले आणि कागद परत पाठवला. त्याला आज सोळा दिवस झाले. तो अजून माझ्याकडे आलेला नाही.